ट्रंपेट शिकवताना: तास आठवड्यातून एक, रियाज रोजचा

ट्रंपेटचा विद्यार्थी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास शिक्षकासमोर असतो. उरलेले सहा दिवस तो एकटाच वाजवतो आणि ओठांना, श्वासाला, कानांना वळण लागतं ते त्याच सहा दिवसांत. म्हणून ट्रंपेट शिकवणं म्हणजे मुख्यतः रियाज कसा करायचा हे शिकवणं, असं माझं ठाम मत आहे. तासाला नवी धून बसवून दिली आणि 'घरी वाजवून बघ' म्हणून पाठवलं, तर विद्यार्थी घरी काय करणार ते ठरलेलंच असतं. धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची, अडलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि ओठ थकले की वाद्य तोंडावर दाबून. पंधरा दिवस हे चाललं की दाबणं हीच त्याची पद्धत होऊन बसते. ती मोडायला पुढे महिने जातात.

ट्रंपेटमध्ये हे इतकं महाग पडतं, त्याचं कारण वाद्याच्या रचनेतच आहे. व्हायोलिनला तार असते, क्लॅरिनेटला रीड (थरथरणारी बारीक पट्टी) असते. ट्रंपेटमध्ये थरथरतात ते वाजवणाऱ्याचे ओठ. सुमारे दीड मीटर लांबीची नळी त्या थरथरीला सूर आणि घुमारा देते. तार किंवा रीड बदलता येते, ओठ बदलता येत नाहीत. ओठांभोवतीचा स्नायू लहान असतो, लवकर थकतो, आणि थकल्यावर केलेला सराव चुकीच्याच गोष्टी पक्क्या करतो. म्हणून रियाजाची आखणी हा इथे तंत्राचाच भाग आहे.

पुढे जे लिहिलंय ते शिक्षकांना समोर ठेवून लिहिलंय. पण जे स्वतःच स्वतःचे शिक्षक आहेत, त्यांनाही ते तसंच्या तसं लागू पडेल.

वाद्य हाती देण्याआधी

मुलाचे पुढचे पक्के दात आलेले असावेत, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या पुढे. हात लहान असतील तर कॉर्नेट या ट्रंपेटसारख्याच पितळी वाद्यापासून सुरुवात करावी. नळीची लांबी तेवढीच, पण गुंडाळी आटोपशीर, त्यामुळे वजन अंगाजवळ राहतं आणि वाद्य पुढे झुकत नाही.

सुरुवातीला बी-फ्लॅट ट्रंपेटच घ्यावा. त्यावरचा लिहिलेला सी पियानोवरच्या बी-फ्लॅटशी जुळतो, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. नाहीतर घरी पियानोवर सूर तपासताना विद्यार्थी गोंधळतो. माउथपीस, म्हणजे ओठांना टेकवायचं सुटं तोंड, मध्यम मापाचा हवा. बाख या कंपनीच्या क्रमांकात सांगायचं तर ७सी किंवा त्याच्या आसपासचा. वरचे सूर लवकर यावेत म्हणून उथळ माउथपीस देऊ नये. सूर कदाचित येतील, पण आवाज बारीक आणि टोकदार होईल आणि तोच कानात बसेल.

जुनं वाद्य घेत असाल तर एक सोपी तपासणी आहे. व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता त्याची स्लाइड (सरकती नळी) थोडी बाहेर ओढा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. 'पॉप' असा आवाज आला तर तिथून हवा गळत नाही. आवाजच आला नाही तर व्हॉल्व्ह झिजलेला असण्याची शक्यता आहे. गळका ट्रंपेट शिकाऱ्याच्या हाती देणं अन्यायाचं आहे. तो सगळा दोष स्वतःच्या फुंकरीला देत राहतो.

पायरी पहिली: श्वास, ओठ आणि मग वाद्य

कागदाचा लहान तुकडा भिंतीला लावा, हात काढून घ्या आणि वीतभर अंतरावरून फुंकर मारून तो तिथेच धरून ठेवायला सांगा. चार मात्रा टिकला की सहा, मग आठ. श्वास घेताना खांदे वर जाता कामा नयेत. पोट आणि बरगड्या सगळ्या बाजूंनी फुगतात, तेवढं पुरे. श्वास आत घेणं आणि बाहेर सोडणं यांच्यामध्ये हवा अडवून धरायची नाही, हे मात्र पुन्हा पुन्हा बघावं लागतं. बहुतेकांची सवय 'घेतला, रोखला, सोडला' अशीच असते, आणि त्या रोखण्यात घसा आवळला जातो.

मग ओठ. 'म' म्हणताना ओठ जसे मिटतात तसे मिटायचे, तोंडाचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि फुंकर. माउथपीस आडव्या दिशेने मध्यावर ठेवावा. वर किती आणि खाली किती, यात दातांच्या ठेवणीप्रमाणे फरक पडतो. त्यात मोजपट्टी घेऊन बसू नये. मात्र माउथपीसची कडा वरच्या ओठाच्या लाल भागावर टेकत असेल तर ते लगेच दुरुस्त करावं, कारण पुढे वरच्या सुरांना तिथेच अडतं.

माउथपीस एकट्याने वाजवताना तो दोन बोटांत, अगदी दांडीच्या टोकाला धरायला लावा. तिथे धरला की दाबताच येत नाही. खालून वर आणि वरून खाली असा भोंग्यासारखा सूर सरकवायचा. रोज दोन मिनिटं पुरतात. गाल फुगत असतील तर आरसा समोर ठेवा. जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांचे फुगलेले गाल सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि एखादा विद्यार्थी त्यांचा दाखला देतोच. गिलेस्पींसारखे कोपरे गाल फुगलेले असतानाही ताब्यात ठेवणं शिकाऱ्याला जमत नाही, एवढंच त्याला सांगावं.

इथे एक मोह टाळायला हवा, तो म्हणजे स्नायूंवर व्याख्यान देण्याचा. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ ट्युबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्ज हे पितळी वाद्यांचे मोठे शिक्षक. वाजवणाऱ्याचं लक्ष मनातल्या सुरावर आणि वाहत्या श्वासावर हवं, चेहऱ्याच्या स्नायूंवर नको, हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता. शिक्षकाने वाजवून दाखवलेला एक भरदार सूर दहा सूचनांचं काम करतो. त्यामुळे शिकवताना स्वतःचा ट्रंपेट हातात हवाच.

पायरी दुसरी: पहिला सूर आणि वरच्या सीचा मोह

एकही व्हॉल्व्ह न दाबता, स्वरलिपीच्या पाच रेघांपैकी दुसऱ्या रेघेवरचा जी हा सूर बहुतेकांना आधी सापडतो. काहींना त्याखालचा सी सापडतो. जो येईल तो घ्यावा. पहिले काही दिवस जीभ नको, नुसत्या 'हू'ने सूर सुरू करायचा. हवा पोहोचताच ओठ बोलू लागले की 'तू'. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी हलकंच लागतं आणि सुटतं. 'थू' झालं की सुरुवात बोथट होते, आणि जीभ ओठांच्या मध्ये येत असेल तर ती सवय लगेच थांबवावी.

चार मात्रा शिक्षक वाजवतो, चार मात्रा विद्यार्थी. या पद्धतीने दोन कामं एकदम होतात. चांगला आवाज सतत कानावर पडतो आणि ओठांना आपोआप विश्रांती मिळते.

सी, डी, ई, एफ, जी हे पाच सूर आले की महिनाभर त्यांतच राहायला हरकत नाही. डीसाठी पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह लागतो आणि या जोडीत सूर चढतो. म्हणून डी शिकवतानाच तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड बाहेर ढकलायची सवय लावावी. नंतर लावू म्हटलं की ती लागत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विद्यार्थ्याला वरचा सी खुणावू लागतो. तो कसा वाजवू बघतो ते नीट पाहा. श्वास घेतानाच खांदे वर जातात. ओठांचे कोपरे हसल्यासारखे बाजूला ताणले जातात. डाव्या हाताची बोटं पांढरी पडतात, उजवी करंगळी वाद्यावरच्या अंगठीत (कडीत) अडकून वाद्य तोंडाकडे ओढू लागते. सूर एक क्षण निघतो, बारीक, किंचित चढा, आणि तुटतो. माउथपीस काढल्यावर ओठावर लालभडक वर्तुळ दिसतं. अशा वेळी 'दाबू नकोस' म्हणून उपयोग नसतो, कारण दाबण्याशिवाय दुसरा मार्ग त्याला ठाऊकच नसतो. तो मार्ग द्यायला हवा. करंगळी अंगठीतून बाहेर काढून वर ठेवायची. जी या सुरावर परत यायचं. जी मऊ वाजवायचा, मग तोंडात जीभ 'आ'वरून 'ई'च्या जागी नेत हवेचा वेग वाढवायचा. सी आला तर ठीक, न आला तर त्या दिवसापुरता विषय बंद. दाबाचा अंदाज घ्यायचा तर ट्रंपेट डाव्या तळहातावर नुसता आडवा ठेवून जी वाजवायला सांगा. सूर निघतो हे कळलं की विद्यार्थ्याची स्वतःचीच खात्री पटते.

पायरी तिसरी: तासाला रियाजच करून घ्या

तासातली दहा मिनिटं विद्यार्थ्याला सांगायचं, 'तू आता घरी आहेस, मी इथे नाही. ही ओळ बसव.' आणि मग गप्प बसून बघायचं. माझ्या मते शिकवण्यातली ही सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं. तो कुठे थांबतो? थांबल्यावर मागे किती जातो? चूक झाली हे त्याला ऐकू येतं का, की पुढे निघून जातो? ओठांवरून वाद्य काढतो का? या उत्तरांवरून आठवड्यात घरी काय झालं ते लख्ख दिसतं. नंतर त्याच ओळीवर नीट रियाज कसा करायचा ते त्याच्यासोबत करावं.

एक ठिकाण जवळून बघू. चार बारची (मात्रांच्या चार खंडांची) ओळ आहे आणि अडतंय ते खालच्या ईवरून डीवर स्लर करताना, म्हणजे जीभ न लावता सरकताना. मध्ये काहीतरी खरखर होते. ई पहिल्या-दुसऱ्या व्हॉल्व्हवर, डी पहिल्या-तिसऱ्यावर. म्हणजे दुसरं बोट उठताना त्याच क्षणी तिसरं खाली जायला हवं. दुसरं आधी उठलं तर मध्ये क्षणभर एफ डोकावतो. तिसरं आधी गेलं तर सी-शार्प. कुठला आगंतुक सूर ऐकू येतोय ते विद्यार्थ्यालाच ओळखायला लावा. एकदा ते ओळखता आलं की बोट लवकर की उशिरा, हे घरी त्याचं त्यालाच कळतं.

पुढचा क्रम असा ठेवावा. आधी फुंकर नाही, नुसती बोटं, मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) ६०वर, व्हॉल्व्ह ठाशीव तळापर्यंत दाबत. मग तेच करताना सूर तोंडाने गायचे. मग माउथपीस न काढता फक्त ते दोन सूर, स्लर करून, सलग चार वेळा, त्यानंतर विश्रांती. मग आधीचा एक सूर आणि नंतरचा एक सूर जोडून घ्यायचा. मग पूर्ण बार. चार बार शेवटी, आणि तेही एकदाच. गंमत म्हणजे यातला निम्मा सराव ओठांना हातही न लावता होतो. ट्रंपेटवाल्यांनी बोटांचा आणि गाण्याचा सराव जितका वाढवावा तितका थोडा.

पायरी चौथी: रोजचा अर्धा तास

पहिल्या दोन महिन्यांत दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरतात. सलग वीस मिनिटांपेक्षा ती बरी. त्यानंतर अर्ध्या तासाची आखणी करता येते, आणि त्या अर्ध्या तासात प्रत्यक्ष फुंकर पंधरा-सोळा मिनिटांपेक्षा जास्त नसावी. जितका वेळ वाजवलं तितका वेळ वाद्य खाली, हा नियम शिकाऱ्याला थोडा आळशी वाटतो. पण तो पाळणारेच आठवड्यातले सहाही दिवस वाजवू शकतात.

सुरुवात एक मिनिट श्वास, दीड-दोन मिनिटं माउथपीस. मग लाँग टोन, म्हणजे लांबवलेले सूर. जीपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली सीपर्यंत, प्रत्येक सूर आठ मात्रा हळू आवाजात, आठ मात्रा विश्रांती. हळू आवाजात ओठ कमी हवेवर बोलायला शिकतात. जोरात वाजवलं की हवेच्या लोटाखाली सगळे दोष झाकले जातात. सूर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत रंग तोच राहतो का, एवढंच ऐकायचं. सुराचा शेवट जिभेने तोडायचा नाही, श्वास थांबवायचा.

यानंतर ओठांचे स्लर, आणि रोजच्या रियाजाचं हृदय हेच. नळीची लांबी न बदलता फक्त ओठ आणि हवा यांच्या जोरावर एका सुरावरून दुसऱ्यावर जायचं. व्हॉल्व्हचं पेटंट हाइनरिश श्टोल्झेल आणि फ्रीडरिश ब्लुमेल यांना १८१८ मध्ये मिळालं. त्याआधी शतकानुशतकं ट्रंपेटवादक बहुतांशी असेच, नळीत निसर्गतः असलेल्या सुरांवरच वाजवत. खालच्या सीला सा मानलं तर व्हॉल्व्ह न दाबता मिळणारे सूर असे: सा, प, तार सा, तार ग, तार प. सुरुवात सा-प-सा एवढीच, सावकाश. मग हाच स्लर सातही जोड्यांवर. आधी मोकळा, मग दुसरा व्हॉल्व्ह, पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा आणि शेवटी तिन्ही. दर वेळी सगळं अर्ध्या सुराने खाली उतरतं. दोन सुरांच्या मध्ये हवा थांबली तर खड्डा ऐकू येतो, डोकं किंवा वाद्य हललं तर आरशात दिसतं. पुढे तार ग येईल तेव्हा ट्युनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) तो थोडा उतरलेला दिसेल. तो वाद्याचा स्वभाव आहे, विद्यार्थ्याची चूक नव्हे. कानाने आणि हवेने तो वर आणायचा.

जीभ आणि बोटांसाठी पाच मिनिटं, रोज एकच स्केल (आरोह-अवरोह). एकदा स्लर करून, एकदा प्रत्येक सुरावर 'तू', एकदा दोन जोडून दोन सुटे. वेग वाढवायची घाई नको. आज ६०वर तीनदा निर्दोष झालं तर उद्या ६४. दुहेरी टंगिंग, म्हणजे 'तु-कु', हे एकेरी जीभ हलकी आणि सुटसुटीत झाल्यावरच. तोवर एकटा 'कु' म्हणत एका सुरावर थोडा सराव केला तर पुढचं काम सोपं होतं.

उरलेली दहा मिनिटं धुनीसाठी, वर सांगितलेल्या पद्धतीने, अडलेल्या जागेपासून. आणि शेवटची दोन मिनिटं खालच्या सुरांवर, अगदी हळू. ओठ तिथे सैल होतात, आणि दुसऱ्या दिवशीची सुरुवात बरी होते.

विश्रांती आणि दुखणं

थकवा आणि दुखणं यांतला फरक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यातच समजावून द्यावा. कोपऱ्यांत जडपणा आला, सूर किंचित पसरट झाला, तर तो थकवा. पाच-दहा मिनिटं थांबलं की जातो. ओठात टोचल्यासारखं झालं, सूज आली, बधिरपणा आला, वर्तुळ बराच वेळ उमटून राहिलं, तर त्या दिवशीचा रियाज संपला. जॅझ ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्यासारख्या दिग्गजालाही ओठांच्या दुखापतीमुळे १९३०च्या दशकात काही महिने वाजवणं थांबवावं लागलं होतं. ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखापतीला त्यांच्याच टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. हे सगळं मुलांना घाबरवण्यासाठी सांगायचं नाही. पण 'अजून एकदा' म्हणण्याची ऊर्मी आवरायला या माहितीचा उपयोग होतो.

चक्कर आल्यासारखं वाटलं तर बसून नेहमीसारखा श्वास घ्यावा. सुरुवातीला असं होतं. पण ते वारंवार होत असेल, तर विद्यार्थी बहुधा घसा आवळून, हवा कोंडून वरचे सूर काढतोय, आणि त्याला परत खालच्या पट्टीत आणायला हवं. दातांना तारा बसवलेल्या विद्यार्थ्यांसाठी दंतवैद्याकडचं मेण चालतं. पहिले काही आठवडे आवाका कमी होणार हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे धीर सुटत नाही.

शेजाऱ्यांमुळे प्रॅक्टिस म्यूट (आवाज दाबणारं बूच) वापरावाच लागत असेल तर वापरा. त्याने हवेला अडथळा वाढतो आणि सूर थोडा चढतो. म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी म्यूटशिवाय वाजवायची सोय बघावी. लहान खोलीत भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाजवू नये, कानांना त्रास होतो.

नोंदवही

रियाज संपल्यावर तीन ओळी लिहायच्या: आज काय वाजवलं, कुठे अडलं, उद्या कुठून सुरुवात. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. दुसऱ्या दिवशी वाद्य हातात घेतल्यावर 'आता काय वाजवू' हा प्रश्नच उरत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर एक लाँग टोन आणि धुनीच्या आठ ओळी रेकॉर्ड कराव्यात. महिन्याभरापूर्वीचा आवाज ऐकला की विद्यार्थ्याला जी प्रगती रोज दिसत नाही ती दिसते. शिक्षकाने दर तासाला वही आधी वाचावी, मग वाद्य हातात घ्यावं. ज्या वहीकडे शिक्षक बघत नाही ती वही दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

लहान मुलांच्या पालकांना संगीत येण्याची गरज नाही. 'किती वाजवलंस' ऐवजी 'कुठे अडलास आणि मध्ये थांबलास का' असं विचारलं तरी खूप झालं.

वाद्याची निगा

वाजवण्याआधी तोंड स्वच्छ धुवावं, विशेषतः गोड खाल्लं असेल तर. व्हॉल्व्हना नियमित तेल, स्लाइडना ग्रीस, दर वेळी आतलं पाणी काढून टाकणं, माउथपीस आठवड्याला ब्रशने साफ करणं आणि महिन्यातून एकदा पूर्ण वाद्य कोमट पाण्याने धुणं. गरम पाणी नको, लॅकर (वरचा चकाकीचा थर) निघतं. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका. तो ओढून काढायचं वेगळं साधन मिळतं, तेच वापरावं.

खंड पडल्यावर

परीक्षा, आजारपण, प्रवास, काहीतरी येतंच. पंधरा दिवसांच्या खंडानंतर विद्यार्थी परतला की तो जिथे सोडलं तिथूनच सुरू करू बघतो आणि दुसऱ्याच दिवशी ओठ सुजवून घेतो. परतल्यावर पहिले तीन दिवस फक्त दहा मिनिटं, जीच्या वर जायचं नाही, लाँग टोन आणि सा-प-सा. चौथ्या दिवसापासून स्केल. धून पुढच्या आठवड्यात. बोटांचा आणि गाण्याचा सराव मात्र पहिल्या दिवसापासून हवा तेवढा करावा, कारण त्याला ओठ लागत नाहीत. वहीत खंडाआधीचं शेवटचं पान उघडून तिथली तिसरी ओळ वाचावी. कुठून सुरुवात करायची ते तिथे लिहिलेलं असतं, फक्त वेग दोन पायऱ्या खाली आणायचा.